आत्या, मी आणि सारीचा बर्फ

उमरगा

एप्रिलमध्ये आमच्या उमरग्यात दुपारी हायवे ओलांडताना डांबर चपलेला चिकटतं. अशाच एका दुपारी जेवता जेवता माझे पती महेश म्हणाले, "लीला, यंदा जानेवारीत बर्फात जाऊ या." मला वाटलं उन्हानं बोलतायत. पण संध्याकाळी दुकान बंद करून आल्यावर त्यांनी तेच परत काढलं, आणि मी दुसऱ्या दिवशी लॅबमधून येताना शंभर पानी वही घेऊन आले.

मी एका छोट्या लॅबमध्ये रक्त तपासते. कोणती बाटली कुणाची, किती वाजता घेतलेली, हे लिहिल्याशिवाय माझं पान हलत नाही. बर्फाचंही मी तसंच केलं. जिथं गाड्यांची रांग आणि मक्याची कणसं, तिथं जायचं नव्हतं. आम्हाला जंगल हवं होतं, पक्षी हवे होते आणि माणसं कमी. शोधता शोधता उत्तराखंडातलं सारी हे गाव सापडलं. ऊखीमठापासून जवळ, डोंगराच्या कुशीत. गावातून अडीच-तीन किलोमीटर चढलं की देवरिया ताल नावाचं तळं, हिवाळ्यात गोठणारं, आणि समोर चौखंबा शिखर. त्या भागात मोनाल पक्षी दिसतो. हा थंडीत खाली उतरतो, असं वाचल्यावर तर आमचं नक्की झालं.

नऊ महिने रोज रात्रीच्या जेवणानंतर आमची बैठक बसायची. रस्ता कुठं बंद होतो, कुठल्या दिवशी चढायचं, बर्फ पडून अडकलोच तर हाताशी दोन दिवस जादा हवेत, असं सगळं वहीत उतरलं. सारीत बिमला नावाच्या बाई घरात पाहुणे ठेवतात, त्यांच्याशी फोनवर इतकं बोलले की त्या मला "उमरगावाली दीदी" म्हणायला लागल्या.

या बैठकीत आत्या नसायच्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. वय सदुसष्ट, अंगावर इरकल नऊवारी, कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंग. लग्नाला सोळा वर्षं झाली, आमचं भांडण असं कधी झालं नाही. भांडायला बोलावं लागतं. आमचं बोलणं दूध किती घेऊ आणि गॅस बंद केलास का, एवढंच.

निघायला आठ दिवस उरले असताना महेश दुकानात वरच्या फळीवरचा खोका काढताना शिडीवरून पडले. घोट्याचं हाड मोडलं, प्लास्टर आलं. मी मुकाट्यानं वही उघडली आणि काय काय रद्द करायचं त्याची यादी लिहायला घेतली. तेवढ्यात आत्या येऊन उभ्या राहिल्या.

"तिकिटं काढलीत नव्हं?"

"व्हय. आता रद्द करते."

"कशाला? त्याच्या जागी म्या येते."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण आत्या चेष्टा करत नाहीत. "आत्या, तिथं लई थंडी असती. पाणी गोठतंय."

"गोठू दे. केदाराचं दर्शन हुईल."

"केदारनाथ हिवाळ्यात बंद असतं."

"देऊळ बंद असतंय. देव ऊखीमठाला खाली येतो. आमा लिंगायतांना शिकवतीस व्हय?"

आतल्या खोलीतून महेश ओरडले, "जा ना दोघी! सोलापूरहून ताई येतीय माझ्याकडं बघायला."

खरं सांगते, मी खट्टू झाले. सोळा वर्षं स्वयंपाकघरात यांच्या शेजारी उभी राहिले, आता सुट्टीतही यांच्याच शेजारी. सुटका म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. म्हटलं, डॉक्टरच नको म्हणतील. रक्त मीच काढलं, मीच तपासलं. साखर, हिमोग्लोबिन, सगळं माझ्यापेक्षा बरं निघालं. डॉक्टर म्हणाले, "हळूहळू चढा, मजेत जाऊन या." तिकीट महेशच्या जागी आत्यांच्या नावावर करून मिळालं आणि माझी शेवटची पळवाट बुजली.

कपड्यांचा प्रश्न होता. महेशसाठी घेतलेले बर्फातले बूट नऊ नंबरचे. आत्यांचा पाय पाचचा. त्यांनी लोकरीच्या मोज्यांचे तीन जोड एकावर एक चढवले, बूट घातले आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या. "बसले," म्हणाल्या. वर महेशचं निळं जॅकेट, खाली नऊवारी. शेजारच्या बायका बघायला आल्या. आत्यांनी त्यांना बसायलाही सांगितलं नाही.

ऊखीमठ

रेल्वेचं आणि जीपचं सविस्तर सांगत नाही. एवढंच सांगते की हरिद्वारच्या पुढं घाट लागल्यावर मला तीनदा गाडी थांबवायला लावावी लागली आणि आत्या दर वेळी खिडकीतून पाण्याची बाटली पुढं करत राहिल्या. त्यांना काहीही झालं नाही. खाली हिरवी नदी बघत त्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खात होत्या.

ऊखीमठाला सकाळी देवळात गेलो. रंगीत लाकडी कमानी, दगडी फरशी बर्फासारखी गार. हिवाळ्यात केदारनाथाची पूजा इथंच होते. गर्दी नव्हती. आत्यांच्या कपाळावरची विभूती आणि गळ्यातलं लिंग बघून एक पुजारी पुढं आले आणि चक्क कन्नडमध्ये म्हणाले, "एल्लिंद बंदीरि?" कुठून आलात?

हिमालयाच्या पोटात सीमेवरची आपली भाषा! आत्यांचा चेहरा एकदम उजळला. इथले पुजारी कर्नाटकातून येतात हे मी ऐकून होते, पण कानांनी ऐकणं वेगळं. आत्या आणि ते पुजारी गावं जोडत बसले. उमरग्यापासून सुरुवात झाली, आळंद, कलबुर्गी करत करत पुजाऱ्यांच्या मावशीच्या गावापर्यंत पोचले. शेवटी पुजारी म्हणाले, "ऊटा आयितेन्री?" जेवण झालं का? दुपारी प्रसादाला थांबा, संध्याकाळची आरतीही बघा.

मी मनात म्हटलं, झालं. आता दोन दिवस इथंच मुक्काम. माझी वही गेली पाण्यात.

आत्यांनी हात जोडले आणि हळू आवाजात कन्नडमध्ये काहीतरी विचारलं. पुजारी हसायला लागले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणालात?"

"इचारलं, बरफ कुठवर खाली आलाय."

आणि नऊवारीचा ओचा सावरत त्या जीपच्या दिशेनं चालूही लागल्या.

सारी

सारी हे उतारावर पायऱ्या पायऱ्यांनी बसलेलं गाव आहे. पाटीच्या दगडांची छपरं, अंगणात लाकडाच्या मोळ्या, गव्हाचे इवले हिरवे तुकडे. सावलीच्या बाजूला जुना बर्फ साचून राखाडी झालेला. आत्या त्याच्याजवळ गेल्या, वाकल्या, बोटानं टोकरला. "हे मळकं हाय," म्हणाल्या. जरा निराश झाल्या असाव्यात.

बिमला चाळिशीच्या, गालांवर लाल डाग, हसणं मोठं. त्यांचे यजमान दिगंबर लोकांना डोंगरावर घेऊन जातात. दारातच बिमलांनी सांगितलं, चुलीच्या खोलीत चपला-बूट नाहीत. एवढ्या एका वाक्यावर आत्यांना ते घर पसंत पडलं. आमच्या घरी तर आंघोळीशिवाय चुलीला कुणी शिवत नाही. इथं पाण्याचा नळ सकाळी गोठतो, त्यामुळं तेवढा कडकपणा परवडत नाही, पण बूट मात्र बाहेर.

जेवायला मंडव्याची रोटी आणि गहतची डाळ. मंडवा म्हणजे नाचणी. गहत ताटात पडताच आत्यांनी वास घेतला आणि म्हणाल्या, "लीला, हे हुलगे हायती." खरंच हुलगे. आपल्याकडे बैलाला आणि पावसाळ्यात माणसाला लागणारे हुलगे इथं रोजच्या जेवणात होते. आत्या तीन वाट्या जेवल्या.

जेवण होता होता त्यांनी दिगंबरांना आपल्या दख्खनी हिंदीत विचारलं, "तो तलाव कू परसों जानेका ना? सुबे आठ बजे निकलनेका, बारा तक नीचे?"

मी घास हातात धरून बघत राहिले. हे वेळापत्रक माझ्या वहीत होतं. वही माझ्या पिशवीत होती.

"आत्या, तुम्हाला कसं माहीत?"

"नऊ म्हैने तुमी दोघं रोज बोलत हुता की. म्या तितंच तर बसलेली असायची, शेंगा सोलत." मग म्हणाल्या, "त्यो नऊ रंगांचा पक्षी बी ठावं हाय. सकाळच्या पारी दिसतो म्हणं."

"मग कधी बोलला नाहीत?"

"इचारलं कुणी?"

राग नव्हता आवाजात. पाऊस पडला का असं विचारावं तसं म्हणाल्या आणि हात धुवायला उठल्या. मी मात्र ताटाकडं बघत बसले. सोळा वर्षं मी समजत होते की आत्यांना कशातच रस नाही.

दुसऱ्या दिवशी सवय व्हावी म्हणून गावाच्या वर थोडं चालायचं, असं वहीत होतं. चाललो. ओकच्या झाडांखाली बर्फ अर्धवट वितळून चिखल झालेला. चांगले बूट आत्यांच्या पायात होते. माझे नवे होते खरे, पण शिवणीतून पाणी आत आलं. दुपारभर मी ओल्या मोज्यांत हिंडले. फोटो काढायच्या नादात कळलंच नाही. जाणाऱ्यांनी एवढं ऐका: बूट घरीच बादलीत उभे करून बघा.

संध्याकाळी हुडहुडी भरली. थर्मामीटर लावला, एकशे दोन. उमरग्याच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलेल्या गोळ्या पिशवीत होत्याच. मी रजईत शिरले. बाहेर चुलीजवळ आत्यांचा आवाज येत होता.

"बिमला, हमकू गहत देव. और तवा. और गूळ हय क्या, गूळ?"

हुलगे भाजल्याचा वास घरभर पसरला. मग जात्याची घरघर. थोड्या वेळानं आत्या माझ्या उशाशी आल्या, हातात वाटी. हुलग्याचं माडगं, गूळ आणि सुंठ घातलेलं, वाफाळतं. माझ्या आईच्या हातचं मी पंचवीस वर्षांपूर्वी प्यायले होते. आत्यांनी चमच्यानं पाजलं. मी नको म्हटलं नाही. मागं बिमला उभ्या होत्या, त्यांच्याही हातात वाटी होती. "माँजी, ये तो हमने कभी सोचा ही नहीं," म्हणत त्या फुंकर घालून पीत होत्या.

तेवढ्यात दिगंबर आत आले. म्हणाले, उद्या दुपारपर्यंत आभाळ मोकळं आहे. परवापासून बर्फ पडेल, मग वर जाता येणार नाही. तळं बघायचं तर उद्याच.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते तापानं आलं असं मी दाखवलं.

"आत्या, तुम्ही जा," मी म्हणाले.

"तुला तापात टाकून? लोक काय म्हणतील?"

"इथं कोण लोक आहेत?"

त्यांनी माझी रजई सारखी केली.

"नऊ महिने राबलीय मी या तळ्यासाठी. एकीनं तरी बघायला पाहिजे. तुम्ही नाही गेलात तर मला बरं वाटायचं नाही."

आत्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला, बराच वेळ. मग म्हणाल्या, "बिमला बसंल तुझ्यापाशी. बारापत्तुर येते म्या."

सकाळी आठला त्या निघाल्या. निळं जॅकेट, नऊवारी, हातात काठी, पुढं दिगंबर. खिडकीतून मी त्यांना पहिल्या वळणापर्यंत बघितलं. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.

बारा वाजले. साडेबारा वाजले. वर तळ्याकडं दिगंबरांच्या फोनला रेंज नव्हती. एक वाजता वरच्या बाजूनं ढग उतरायला लागले आणि समोरचा डोंगर अर्धा पुसला गेला. बिमला म्हणाल्या, दिगंबर आहेत, काळजी नको. पण दोन वाजल्यावर त्याही दाराशी जाऊन आल्या. मी पडल्या पडल्या हिशेब मांडत होते: सदुसष्ट वर्षांची बाई, नऊ नंबरचे बूट, बर्फातला चढ, आणि पाठवली कुणी? मी. महेशना काय सांगू? तीन वाजता मी रजई अंगाभोवती गुंडाळून उठले आणि दारात जाऊन उभी राहिले. बिमला आत ओढत होत्या, मी हलले नाही.

साडेतीनला ढगातून आधी निळं जॅकेट दिसलं. आत्या पुढं, दिगंबर मागं. दिगंबर लांबूनच हात जोडत ओरडले, "दीदी, माँजी उठने को तैयार ही नहीं थीं!"

दोन तास त्या तळ्याकाठी बसून होत्या. ढग आल्यावर मात्र दिगंबरांनी घाई केली आणि दोघं सावकाश, काठी रोवत रोवत उतरले.

मी काही बोलायच्या आत आत्या मलाच रागावल्या. "दारात का उभी? वारं लागंल." मला आत नेलं, रजई घातली, आणि मग शेजारी बसून, गाल टोमॅटोसारखे लाल झालेले, सांगायला लागल्या. मी त्यांना एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"तळं पुरं गोठलंया बघ. दुधावर सायीचा जाड थर यावा तसं. मधी जरासं पाणी उघडं, काळंशार. दिगंबरनं खडा मारला तर सायीवरनं टण टण करत पार पल्याड गेला. आणि समूर त्यो डोंगर. चौखंबा. लीला, त्यो लांब न्हाय. हात लावावा इतका. पांढरा म्हंजे असला पांढरा, की आपल्या कापसाला बी पांढरं म्हणू नये. आणि आवाजच न्हाय गं कसला. माजा श्वास मला ऐकू येत हुता." त्यांनी हातमोजे काढले. "म्या देवाला कायबी मागितलं न्हाय. सुचलंच न्हाय मागायचं."

"आणि मोनाल?"

"त्यो न्हाय दिसला." मग माझ्याकडं वाकून, जणू गुपित सांगतायत तसं, "देव दर्शनाचं म्या महेशला सांगितलं म्हणून त्यो हो म्हणाला. खरं सांगू? मला बरफच बघायचा हुता."

मी हसले. हसताना खोकला आला. आत्याही हसायला लागल्या. दोघींना हसताना बघून बिमला चहा घेऊन आल्या आणि काही न कळताही हसल्या.

पांढरा दिवस

दिगंबर म्हणाले तसंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला बर्फ पडायला लागला. मला वाटलं होतं पावसासारखा आवाज येईल. काहीच आवाज नाही. आकाशातून कुणी पिंजलेला कापूस सोडतंय आणि जमीन तो गपचूप घेतेय. दुपारपर्यंत अंगणातल्या मोळ्या, गोठ्याचं छप्पर, जिन्याच्या पायऱ्या, सगळ्यांची टोकं गोल झाली. वीज गेली. रस्ताही बंद झाल्याचं कळलं. पण दोन दिवस जादा धरलेले होते, त्यामुळं मी निवांत होते. ताप उतरत होता.

तो सगळा दिवस आम्ही चुलीभोवती काढला. बिमलांच्या सासूबाई आत्यांच्याच वयाच्या. त्यांना गढवालीशिवाय काही येत नाही, आत्यांना गढवाली येत नाही. तरी दोघी शेजारी बसून लोकर गुंडाळत, एकमेकींच्या गळ्यातलं, हातातलं निरखत, पाहिजे ते समजून घेत होत्या. आमच्या दारात बायका दुपारी ज्याच्याखाली बसतात तो पारंबीचा वड इथं नसला तरी बायकांचं दुपारचं बसणं सगळीकडं सारखंच.

संध्याकाळी आत्या एकदम म्हणाल्या, "लीला, तुझी ती वही दे बघू." मी दिली. त्यांना वाचायला वेळ लागतो, चष्मा नाकावर ओढून एकेक ओळ बोटानं वाचत गेल्या. "हितं लिवलंयस, पहाटे गारठा, महेशला मफलर. माज्यासाठी कुठं लिवलंयस?"

मी पेन घेतला आणि त्यांच्या देखत रिकाम्या पानावर लिहिलं, "आत्या." पुढं काय लिहू विचारलं. त्या म्हणाल्या, "लिव, चढ बरा चढती."

शेवटची सकाळ

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. निरोप आला की रस्ता मोकळा करतायत, गाडी साडेदहाला येईल. मी पिशव्या भरत होते. आत्या आधीच बूट घालून दारात उभ्या होत्या.

"चल."

"कुठं?"

"जरा वर. तुझा ताप न्हाय आता. तळ्याच्या वाटंवर लहान देऊळ हाय, तितंपत्तुर तरी चल."

दिगंबरही बरोबर आले. वाट दिसतच नव्हती, नुसता गुडघाभर पांढरा उतार. आत्या पुढं झाल्या. महेशच्या बुटांनी बर्फात खोल खड्डे पाडत त्या चढत होत्या आणि मागं न बघता मला सांगत होत्या, "माज्या पावलात पाय ठिव. इतं घसरतंय. इतं मूळ हाय, जपून." सोळा वर्षांत मी त्यांच्या मागं अशी कधी चालले नव्हते. माझे पाय त्या खड्ड्यांत सैल बसत होते.

देवळाच्या जरा अलीकडं दिगंबरांनी हात वर केला. आम्ही थांबलो. ओकच्या एका झाडाखाली बर्फ उडत होता, कुणी फावड्यानं उकरावा तसा. मग डोकं वर आलं.

मी त्याचे शेकडो फोटो बघितले होते. फोटोंत रंग असतात, चमक नसते. मोराहून ठेंगणा, गुबगुबीत, डोक्यावर हिरवा तुरा. मान वळवली की तांब्याचा रंग निळा होतो, निळ्याचा जांभळा, आणि सगळं त्या पांढऱ्यावर. तो चोचीनं बर्फ उकरायचा, मुळं ओढायचा, परत मान वर करून आमच्याकडं बघायचा. आत्यांनी माझा हात घट्ट धरला होता. त्यांचा हातमोजा ओला होता.

"मोजलेस का रंग?" त्या कुजबुजल्या.

"नाही."

"नकोच मोजू."

तेवढ्यात झाडावरून बर्फाचा गोळा धप्पकन पडला. मोनाल लांब शीळ घालत उडाला, पाठीवरचा पांढरा पट्टा दाखवत सरळ दरीत झेपावला आणि गावाच्या छपरांवरून पलीकडं दिसेनासा झाला. खालून त्याच वेळी गाडीचा हॉर्न वाजला. एकदा, मग दोनदा. पाठोपाठ बिमलांची हाक आली.

आत्यांनी एका दगडावरचा बर्फ हातानं झटकला, नऊवारी सावरून बसल्या आणि शेजारची जागा माझ्यासाठी मोकळी केली. मग खाली वाकून, साऱ्या दरीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "आते, आते! जरा ठैरो!"

आणि तशाच बसून राहिल्या.